सायकलीचा महागडा फ्लोअर पंप घ्यावा का? : पुण्यातील सायकलस्वारांसाठी निवडीची रीत

पहाटे साडेपाचला सायकल काढून खडकवासल्याच्या किंवा सिंहगडाच्या वाटेला लागणाऱ्या माणसाला हवेसाठी दुसऱ्यावर अवलंबून राहता येत नाही. त्या वेळी पंक्चरवाल्याचे दुकान बंद असते, आणि पेट्रोल पंपावर हवा मिळाली तरी तेथील नळीचे तोंड मोटारीच्या व्हॉल्व्हसाठी केलेले असल्यामुळे रोड बाइकच्या बारीक व्हॉल्व्हला ते बसत नाही. शिवाय तो कंप्रेसर मोटारीच्या मोठ्या टायरसाठी असतो. सायकलीच्या लहानशा ट्यूबमध्ये त्याची हवा काही क्षणांत गरजेपेक्षा जास्त भरली जाते. म्हणून नियमित सायकल चालवणाऱ्याच्या घरी जमिनीवर उभा ठेवून दोन्ही हातांनी दाबायचा पंप, म्हणजे फ्लोअर पंप, असणे आवश्यक आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. प्रश्न एवढाच आहे की तो पाचशे रुपयांचा घ्यावा, दोन-तीन हजारांचा घ्यावा, की परदेशी नावाचा आणि याच्या कितीतरी पट किमतीचा घ्यावा.

माझे मत आधीच सांगतो. ज्या पंपाचा वायसर (आतल्या दट्ट्यावरची, हवा अडवणारी चकती) बदलता येतो, ज्याचे हेड (नळीचे व्हॉल्व्हवर बसणारे तोंड) आपल्या व्हॉल्व्हवर घट्ट बसते आणि ज्याचा गेज (दाब दाखवणारे काट्याचे मापक) आपल्याला लागणाऱ्या दाबाच्या टप्प्यात नीट वाचता येतो, त्या पंपासाठी जास्त पैसे मोजणे योग्य आहे. या तीन गोष्टी मिळाल्यानंतर वाढत जाणारी किंमत ही मुख्यतः धातूची, घडणीची आणि दीर्घायुष्याची किंमत असते; ती देणे चूक नाही, परंतु त्यामुळे टायरमध्ये जाणारी हवा अधिक चांगली होत नाही. हे मत कशावरून बनले ते पुढे सविस्तर मांडले आहे, कारण प्रत्येकाची सायकल वेगळी असते आणि आपल्या सायकलीपुरता निर्णय ज्याचा त्यानेच करायचा असतो.

आधी आपले टायर आणि व्हॉल्व्ह पाहा

दुकानात जाण्यापूर्वी घरातील प्रत्येक सायकलीच्या टायरच्या कडेवर छापलेले माप आणि कमाल दाब एका कागदावर लिहून घ्यावा. पुण्यातील एका सामान्य घरात आज तीन प्रकारचे व्हॉल्व्ह सापडू शकतात. वडिलांच्या काळ्या रोडस्टरला जुना डनलॉप व्हॉल्व्ह असतो, ज्याच्या आत रबराची बारीक व्हॉल ट्यूब चढवलेली असते; मुलांच्या सायकलीला आणि बऱ्याच माउंटन बाइकना स्कूटर-मोटारीसारखा जाड श्रेडर व्हॉल्व्ह असतो; आणि रोड बाइक व चांगल्या हायब्रिडना (रोड आणि माउंटन बाइक यांच्या मधल्या प्रकारच्या सायकलींना) बारीक, टोकाची चकती सैल करून मगच हवा घेणारा प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो. पंपाचे हेड यांपैकी ज्या व्हॉल्व्हसाठी रोज वापरले जाणार आहे, त्यावर ते कसे बसते हे सर्वांत महत्त्वाचे आहे. पुठ्ठ्याच्या खोक्यावर ‘सर्व व्हॉल्व्हना चालते’ असे छापलेले असले तरी आपल्या व्हॉल्व्हवर लावून पाहिल्याशिवाय पंप घेऊ नये.

दाबाचा अंदाजही असावा. साधारण ७० किलो वजनाच्या माणसाला २८ मिलिमीटरच्या रोड टायरमध्ये ७० ते ८० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड, हे हवेच्या दाबाचे एकक), ३८ मिलिमीटरच्या हायब्रिड टायरमध्ये ४५ ते ५५ आणि माउंटन बाइकच्या रुंद टायरमध्ये २५ ते ३५ पीएसआय एवढा दाब पुरतो. मागच्या चाकावर अधिक भार येत असल्याने पुढच्या चाकात थोडा कमी दाब ठेवतात. ही आकडेवारी आरंभापुरती आहे. रस्ता, वजन आणि टायर यांनुसार प्रत्येकाला आपला आकडा शोधावा लागतो, आणि तो शोधण्यासाठीच विश्वासू गेज हवा असतो.

नळकांड्याच्या जाडीचा हिशेब

पंप विकत घेताना बहुतेक लोक त्यावर छापलेला कमाल दाब पाहतात. १६० किंवा २२० हा आकडा पाहून पंप ताकदवान आहे असे वाटते. वास्तविक पाहायला हवी ती नळकांड्याची जाडी, म्हणजे आतील व्यास, कारण हाताला लागणारे बळ तिच्यावर अवलंबून असते. दट्ट्यावर येणारे बळ म्हणजे हवेचा दाब गुणिले दट्ट्याचे क्षेत्रफळ. नळकांड्याचा आतील व्यास ३० मिलिमीटर असेल तर क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस सेंटिमीटर होते. १०० पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ ७ किलो. म्हणजे १०० पीएसआयला हवा टायरमध्ये ढकलण्यासाठी दांड्यावर सुमारे ५० किलोंचा भार द्यावा लागतो. तोच व्यास ३८ मिलिमीटर केला की हा भार ८० किलोंवर जातो. साठ किलो वजनाची व्यक्ती आपले सगळे वजन दांड्यावर टाकूनही तेथपर्यंत पोचू शकत नाही, मग पंपावर कोणताही आकडा छापलेला असो.

उलट बाजूने पाहिले तर रुंद नळकांड्यात एका दाबात हवा जास्त जाते. दांड्याची धाव ५० सेंटिमीटर धरली तर ३० मिलिमीटरचा पंप एका दाबात सुमारे ३५० घनसेंटिमीटर हवा ढकलतो आणि ३८ मिलिमीटरचा सुमारे ५७० घनसेंटिमीटर. माउंटन बाइकच्या २९ इंची, सव्वादोन इंच रुंद टायरच्या पोटात पाच लिटरांहून थोडी जास्त जागा असते. तो रिकाम्या अवस्थेपासून ३० पीएसआयपर्यंत भरायला बाहेरची जवळजवळ ११ लिटर हवा लागते. हिशेबाने बारीक पंपाचा दांडा तीसहून अधिक वेळा दाबावा लागेल आणि जाड पंपाचे काम वीस वेळांच्या आत होईल. प्रत्यक्षात नळीत आणि हेडमध्ये थोडी हवा अडकून राहत असल्याने दोन्ही आकडे काहीसे वाढतात, परंतु प्रमाण हेच राहते. रोड बाइकच्या २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये मात्र सव्वा लिटरच जागा असते. तेथे दांडा किती वेळा दाबला हे मोजण्यापेक्षा शेवटच्या दहा वेळा तो सहज दाबला जातो की नाही हे महत्त्वाचे ठरते.

यातून एक सरळ गोष्ट निघते, जी दुकानात क्वचितच सांगितली जाते. रोड बाइकसाठी उंच व बारीक नळकांड्याचा पंप घ्यावा आणि रुंद टायरसाठी जाड नळकांड्याचा. आपल्या कामाच्या विरुद्ध जातीचा महागडा पंप घेतला तर तो योग्य जातीच्या स्वस्त पंपापेक्षा वाईट अनुभव देतो. घरातील ज्येष्ठांना किंवा किशोरवयीन मुलांना पंप मारावा लागणार असेल, तर हा हिशेब अधिकच मनावर घ्यावा.

गेजवर किती विश्वास ठेवावा

माझा पहिला फ्लोअर पंप साध्या प्रतीचा होता, आणि त्याने मला जे शिकवले ते पंक्चरच्या रूपाने शिकवले. एका पावसाळ्यात सिंहगड रस्त्यावरील खड्ड्यांत माझ्या मागच्या ट्यूबला तीन आठवड्यांत चार वेळा पंक्चर झाले आणि प्रत्येक वेळी ट्यूबवर एकमेकांशेजारी दोन चिरा आढळल्या. अशा जोडचिरा काट्याने पडत नाहीत. हवा कमी असताना टायर दबून ट्यूब रिम आणि खड्ड्याची कड यांच्यामध्ये चेमटली की त्या पडतात. मी रोज सकाळी ८० पीएसआय पाहून निघत होतो. अखेर मित्राकडील वेगळ्या गेजने तपासले तेव्हा माझ्या पंपाचे ८० म्हणजे प्रत्यक्षात ६६ असल्याचे समजले. पंपाची किंमत वाचवली होती, ती ट्यूब आणि ठिगळांत गेली, आणि त्यातील एक सकाळ भर पावसात डोणजे फाट्याजवळ चाक काढून बसण्यात गेली.

गेजच्या चुकीचे मूळ समजून घ्यावे. पंपावरील गोल गेजची अचूकता सहसा त्याच्या संपूर्ण मापाच्या टक्केवारीत सांगितली जाते. गेज २२० पीएसआयपर्यंतचा असेल आणि त्यात तीन टक्क्यांची चूक धरली, तर काटा कोठेही साडेसहा पीएसआयने इकडे-तिकडे असू शकतो. रोड बाइकच्या ८० पीएसआयला ही चूक चालवून घेता येईल, पण माउंटन बाइकच्या २८ पीएसआयला ती जवळजवळ पाव भागाची चूक होते. म्हणून रुंद टायर वापरणाऱ्याने ज्याचे माप ६० किंवा ७० पीएसआयला संपते असा गेज असलेला पंप शोधावा. असा गेज काही मध्यम किमतीच्या पंपांतही मिळतो आणि कित्येक महागड्या पंपांत मिळत नाही.

दुसऱ्या बाजूने, अर्ध्या-एका पीएसआयच्या अचूकतेसाठी फार पैसे मोजण्याची आवश्यकता मला वाटत नाही. एप्रिलमध्ये पुण्यात पहाटे १८ अंश आणि दुपारी ३८ अंश तापमान असू शकते. पहाटे ८० पीएसआय भरलेला टायर दुपारी केवळ उष्णतेने सुमारे ६ पीएसआयने चढतो. सिंहगडाच्या उतारावर रिमला घासणारे ब्रेक सतत धरले तर रिम तापून दाब आणखी वाढतो. अशा परिस्थितीत गेजने प्रत्येक वेळी तोच आकडा दाखवणे हे त्याने अगदी खरा आकडा दाखवण्यापेक्षा अधिक उपयोगाचे आहे. गेज चार पीएसआय जास्त दाखवतो हे एकदा कळले आणि तो रोज चारच जास्त दाखवत राहिला, तर आपण चार वजा करून निश्चिंत राहू शकतो. आज चार आणि उद्या दहा दाखवणारा गेज मात्र निरुपयोगी आहे.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. कडेला टायर धरून ठेवणारा हूक नसलेल्या, म्हणजे हूकलेस प्रकारच्या नव्या रोड रिमना कमाल ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआय, ही मर्यादा प्रमाणित केलेली आहे. ती ओलांडली तर टायर रिमवरून सुटण्याचा धोका असतो. अशी चाके वापरणाऱ्याने गेजबाबत काटकसर करू नये आणि एक वेगळा हातातला गेज अवश्य जवळ बाळगावा.

गेज वाचण्याची रीतही व्हॉल्व्हप्रमाणे बदलते, आणि याबाबत अनेक अनुभवी सायकलस्वारांचाही गोंधळ उडालेला मी पाहिला आहे. श्रेडर व्हॉल्व्हवर हेड लावले की आतील पिन दाबली जाऊन टायरमधील हवा नळीत येते आणि काटा लगेच वर चढतो. प्रेस्टा व्हॉल्व्ह तसा उघडत नाही. पहिला दाब मारून नळीतील हवा टायरपेक्षा वरचढ होईपर्यंत काटा शून्यावरच राहतो, म्हणून हेड लावताच शून्य दिसले तर टायर रिकामा आहे असे समजू नये. डनलॉप व्हॉल्व्हमध्ये रबराची व्हॉल ट्यूब ताणून हवेला आत शिरावे लागत असल्याने काटा नेहमी थोडा जास्त दाब दाखवतो. तेथे अंगठ्याने टायर दाबून पाहण्याची जुनी पद्धतच अधिक भरवशाची आहे.

हेड, वायसर आणि सुटे भाग

पंप मोडतो तेव्हा बहुधा नळकांडे फुटत नाही. हेडमधील रबर झिजते, नळी सांध्यापाशी चिरते किंवा दट्ट्याचा वायसर सुकतो. म्हणून दुकानात किंमत विचारण्याआधी एक प्रश्न विचारावा: याचा वायसर आणि हेडचे रबर सुटे मिळते का? दुकानदार लगेच ते काढून दाखवू शकला, तर त्या पंपासाठी हजार रुपये अधिक देणे मला शहाणपणाचे वाटते. नाही म्हणाला, तर तो पंप कितीही देखणा असला तरी काही वर्षांनी भंगारात जाणार हे गृहीत धरावे.

या कसोटीवर आपला जुना, लाकडी मुठीचा, लोखंडी पंप आजही आश्चर्यकारकपणे खरा उतरतो. त्याचा चामड्याचा वायसर नाना पेठेत किंवा कोणत्याही जुन्या सायकल दुकानात किरकोळ किमतीत मिळतो आणि पाना घेऊन पाच मिनिटांत बदलता येतो. आमच्या वडिलांचा असा पंप घरात अजून चालू स्थितीत आहे. त्याला गेज नाही आणि प्रेस्टा व्हॉल्व्हवर पितळी टोपीसारखा अडॅप्टर चढवावा लागतो, पण रोडस्टर आणि मुलांच्या सायकली यांच्यासाठी त्याहून महाग काही घेण्याचे कारण मला दिसत नाही.

गंमत अशी की जगातील अत्यंत नावाजलेल्या पंपांमध्येही हाच चामड्याचा वायसर असतो. सिल्का ही कंपनी १९१७ मध्ये इटलीतील मिलान येथे सुरू झाली आणि तिचा पिस्ता हा उभा पंप व्यावसायिक शर्यतींच्या संघांत अनेक दशके वापरला गेला. २०१३ मध्ये कंपनीची मालकी बदलून ती अमेरिकेतील इंडियानापोलिसला गेली. आज तिच्या सर्वांत वरच्या श्रेणीच्या पंपाची किंमत काहीशे डॉलरच्या घरात आहे, परंतु चाळीस वर्षांपूर्वीच्या पिस्ताचा वायसरही बदलता येतो. जर्मनीच्या एसकेएस कंपनीचा रेनकॉम्प्रेसर हा पंपही सुट्या भागांच्या बळावर पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे. या पंपांची खरी किंमत या सातत्यात आहे, चकाकीत नाही. मात्र पुण्यात बसून आपल्याला त्यांचे सुटे भाग बाहेरून मागवावे लागतात, त्यावर टपाल आणि सीमाशुल्क पडते, आणि एखाद्या रबरी कडीसाठी दोन-तीन आठवडे थांबावे लागते. आयुष्यभराचा पंप घेताना हा खर्चही त्याच हिशेबात धरावा.

हेडचे दोन मुख्य प्रकार आहेत. खटका वर उचलून घट्ट करायचे हेड झटपट लागते, पण त्यातील रबर झिजल्यावर जास्त दाबाला ते व्हॉल्व्हवरून उडून निघते. आट्यांवर फिरवून बसवायचे हेड, जसे २००७ मध्ये स्थापन झालेल्या लेझाइनने लोकप्रिय केले, हवा अजिबात सोडत नाही, परंतु ते उलटे फिरवून काढताना कधी कधी प्रेस्टा व्हॉल्व्हचा गाभाच सोबत निघून येतो आणि भरलेली सर्व हवा जाते. असे हेड वापरणाऱ्याने व्हॉल्व्हचा गाभा छोट्या चावीने आधी घट्ट करून ठेवावा. धातूचे चांगले हेड वेगळे विकत मिळते आणि बहुतेक पंपांच्या नळीवर क्लिप लावून बसवता येते. ज्यांच्याकडे मध्यम प्रतीचा, नळकांड्याने धडधाकट पंप आहे, त्यांना मी नवा पंप घेण्याऐवजी हेच सुचवतो. रोजच्या वापरातील फरक पंप बदलण्यापेक्षा हेड बदलल्याने अधिक जाणवतो.

दुकानात करायची परीक्षा

पंप घेण्यासाठी जाताना आपली सायकल, निदान एक चाक, सोबत न्यावे. पंपाच्या तळावर दोन्ही पाय ठेवून उभे राहावे आणि तो डगमगतो का ते पाहावे. तळ प्लास्टिकचा असला तरी रुंद असेल तर चालतो, पण अरुंद तळाचा पंप शेवटच्या दाबांना कलतो. त्यानंतर हेड लावून आपल्या नेहमीच्या दाबापर्यंत हवा भरावी आणि दांडा खाली दाबून हात सोडावा. दांडा आपोआप वर येऊ लागला तर तळातील एकमार्गी झडप हवा परत सोडत आहे, आणि असा पंप किमतीचा विचार न करता परत द्यावा. काटा एका जागी स्थिर राहतो की हळूहळू उतरतो हे अर्धा मिनिट पाहावे. मग हेड काढून पुन्हा लावावे, प्रेस्टा असल्यास एकच हलका दाब द्यावा, आणि आधीच्या आकड्याच्या जवळ काटा येतो का ते तपासावे. शक्य असल्यास दुकानातील दुसऱ्या गेजशी तुलना करावी. नळी सायकल स्टँडवर टांगलेली असतानाही व्हॉल्व्हपर्यंत पोचेल एवढी लांब असावी. ही परीक्षा पाच-सात मिनिटांत होते, आणि एखादा दुकानदार ती करू देत नसेल तर दुसऱ्या दुकानात जावे.

ट्यूबलेस टायर रिमवर बसवणाऱ्यांना टाकी असलेला पंप उपयोगी पडतो, कारण त्यात आधी हवा साठवून ती एकदम सोडता येते. परंतु वर्षातून दोनदाच टायर बदलत असाल, तर तेवढे काम दुकानातील कंप्रेसरवर करून घेणे स्वस्त पडते. हातात मावणारे विजेवरचे पंप वाटेत कामाला येतात. घरातल्या तीन-चार सायकलींची हवा दर आठवड्याला भरायला मात्र उभा पंपच बरा, कारण ते छोटे यंत्र सलग वापरात तापते आणि त्याची बॅटरी मध्येच संपते.

निगा

पुण्याच्या पावसाळ्यात दमट हवा नळकांड्यात शिरते आणि लोखंडी पंपांना आतून गंज चढतो, म्हणून जूनच्या आधी आणि दिवाळीच्या सुमारास असे वर्षातून दोनदा पंप उघडून पुसावा. चामड्याच्या वायसरला तेल लागते. तो सुकून कडक झाला असेल तर तेलात रात्रभर भिजवावा आणि त्याची कड बोटांनी हलकेच बाहेर फाकवावी. काही पंपांत चामड्याऐवजी असणाऱ्या रबरी ओ-रिंगला (गोल कडीला) मात्र सिलिकॉन ग्रीसच लावावे, कारण खनिज तेलाने काही प्रकारचे रबर फुगते, आणि गंज सोडवण्याचे पातळ फवारे आतले ग्रीस धुऊन टाकतात. पंप उभा ठेवताना नळी मुडपून अडकवू नये. बहुतेक नळ्या त्याच घडीवर चिरतात. गॅलरीत ऊन येत असेल तर पंप आतल्या खोलीत ठेवावा.

आमच्या इमारतीत सायकल चालवणारी पाच घरे आहेत, आणि चार वर्षांपूर्वी आम्ही पाच जणांनी वर्गणी काढून साडेचार हजारांचा एक पंप घेतला. एकट्याला जड वाटलेली किंमत प्रत्येकी नऊशे रुपयांवर आली, आणि त्यानंतर एकदा वायसर व एकदा हेडचे रबर बदलण्यापलीकडे त्याला खर्च लागलेला नाही. पंप जिन्याखाली ठेवलेला असतो आणि त्याच्या वरच्या भिंतीवर खडूने प्रत्येक सायकलीचे पुढच्या व मागच्या चाकाचे आकडे लिहिले आहेत. त्यांच्याखाली एक जास्तीची ओळ आहे, ती गेजसाठी : ‘काटा तीन जास्त दाखवतो’.